पापाचा वांटेकरी

चित्रकथा म्हटली कीं ती पोरांच्या हातीं द्यावयाची वस्तु, आणि गुंडांच्या टोळ्यांचा बोलपट म्हटला कीं तो पोरांच्या दृष्टीआड ठेवावयाचा, अशी सुशिक्षित घरांतून एक सर्वसाधारण समजूत असते. या समजुतींस मुळींच आधार नाहीं असें नाहीं. स्वस्त चित्रकथांनीं वाचनाची गोडी लावण्यापेक्षां ती बिघडविण्याचेंच काम पुष्कळदां केलें आहे. आणि पिस्तुलें, मोटारी व मद्य यांची आतषबाजी म्हणजेच नाट्य, अशा भ्रमांत वावरणाऱ्या बोलपटांची संख्याहि लहान नाहीं. परंतु कलाकृतीची योग्यता तिच्या कुळावरून ठरवूं नये, हा रसिकतेचा पहिला नियम होय. या नियमाची आठवण करून देणारा एक बोलपट २००२ सालीं अमेरिकेंत निघाला. त्याचें नांव ‘रोड टु पर्डिशन’.

‘पर्डिशन’ म्हणजे अधोगति, जीवात्म्याचा कायमचा नाश. कथेंत मात्र मिशिगन सरोवराच्या कांठच्या एका गांवाचेंहि तेंच नांव आहे. जेथें आसरा मिळेल असें वाटतें त्या गांवाची वाट आणि नरकाची वाट एकाच नांवानें ओळखावी, यांत नुसता शब्दचमत्कार नाहीं. सबंध कथेचें बीजच त्यांत आहे.

बोलपटाचें मूळ मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्स यांनीं लिहिलेल्या व रिचर्ड पिअर्स रेनर यांनीं चितारलेल्या त्याच नांवाच्या चित्रकादंबरींत आहे. ती १९९८ सालीं प्रसिद्ध झाली. सुमारें तीनशें पानांची ही कृति सर्वस्वीं काळ्यापांढऱ्या रेखाटनांत उभी आहे. पण तिचाहि उगम शोधूं गेल्यास आपण आणखी एका देशांत जाऊन पोंचतों. १९७० सालीं जपानांत काझुओ कोइके व गोसेकी कोजिमा या जोडीनें एका राजवधकाची दीर्घ चित्रकथा सुरू केली होती. हा वधक कपटानें पदच्युत होतो, त्याच्या पत्नीची हत्या होते, आणि आपल्या अजाण बाळाला लाकडी गाड्यांत घालून तो सूडाच्या वाटेला लागतो. या कथेचें ऋण कॉलिन्स यांनीं मोकळेपणानें मान्य केलें आहे. त्यांनीं तो वधक व तें मूल जपानांतून उचलून इलिनॉय प्रांतांत आणलें, आणि तेथील खऱ्या इतिहासांत बसविलें.

हा इतिहासहि जाणून घेण्याजोगा आहे. रॉक आयलंड या गांवीं जॉन लूनी नांवाचा एक वकील होता. त्यानें वर्तमानपत्र काढलें, आणि त्याच्या धाकानें लोकांकडून पैसे उकळले. जुगार व चोरटें मद्य यांच्या व्यवहारावर त्यानें गांवांत आपली सत्ता बसविली. १९२२ सालीं त्याचा मुलगा कॉनर गोळीबारांत ठार झाला, आणि १९२५ सालीं लूनीला खुनाच्या आरोपावरून शिक्षा झाली. बापानें उभारलेल्या दौलतीची किंमत मुलानें द्यावी, हा प्रसंग प्रत्यक्षांतच घडून गेलेला होता. लेखकानें काळ थोडा पुढें ओढून त्याला शिकागोच्या अल् कपोनची जोड दिली. बोलपटानें लूनीचा ‘रूनी’ केला, इतकेंच.

कथानक थोडक्यांत असें: काळ १९३१ सालच्या हिंवाळ्याचा. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, आणि कायद्यानें बंद झालेलें मद्य चोरवाटांनीं पुरविणाऱ्या टोळ्यांची चंगळ होती. जॉन रूनी हा अशाच एका टोळीचा वृद्ध आयरिश नायक. मायकेल सलिव्हन या अनाथ पोराला त्यानें लहानाचा मोठा केलें, घर दिलें, आणि आपला मारेकरी केलें. पोटच्या कॉनरपेक्षां या मानलेल्या मुलावर म्हाताऱ्याचा जीव अधिक, आणि कॉनरच्या पोटांतील विष तेंच. सलिव्हनचा बारा वर्षांचा थोरला मुलगा, त्याचेंहि नांव मायकेलच, आपले वडील रात्रीं कोणत्या कामास जातात हें जाणण्याच्या कुतूहलानें त्यांच्या मोटारींत लपून बसतो, आणि एका फटींतून कॉनरच्या हातून झालेली हत्या व आपल्या वडिलांच्या हातची बंदूक पाहतो. साक्षीदार नको म्हणून कॉनर सलिव्हनच्या घरीं जातो, आणि त्याची पत्नी व धाकटा मुलगा यांस ठार मारतो. उरतात बाप आणि लेक. पुढील सहा आठवड्यांचा त्यांचा प्रवास म्हणजे हा बोलपट.

आपल्याकडे वाल्याची कथा कोणास ठाऊक नाहीं? वाटमारी करून बायकापोरांस पोसणाऱ्या त्या दरवडेखोराला नारदानें एकच प्रश्न विचारला: या धनांत ज्यांचा वांटा आहे ते पापांतहि वांटेकरी होतील काय? वाल्या घरीं गेला, विचारून आला, आणि त्याचे डोळे उघडले. मायकेल सलिव्हन हा नारद न भेटलेला वाल्या आहे. त्याच्या घरीं जेवणापूर्वीं देवाची प्रार्थना होते, मुलें शाळेंत जातात, पत्नी संसार नेटका चालविते. आणि या साऱ्याला लागणारा पैसा कोठून येतो हें कोणी विचारीत नाहीं. विचारूं नये असाच त्या घराचा अलिखित कायदा आहे. तो कायदा एक मूल मोडतें, आणि तेथून कथेला गति मिळते.

गुंडांवरील बोलपटांच्या परंपरेंत ही मोठीच नवलाई आहे. ज्या १९३१ सालीं ही कथा घडते, त्याच सालीं ‘लिट्ल सीझर’ व ‘द पब्लिक एनिमी’ हे या जातीचे दोन प्रसिद्ध बोलपट निघाले, आणि पुढच्या सालीं ‘स्कारफेस’ निघाला. त्यांतील नायक झपाट्यानें वर चढतो व तितक्याच झपाट्यानें खालीं कोसळतो. प्रेक्षक चढतांना त्याला टाळी देतो, आणि पडतांना नीतीचें समाधान घेऊन घरीं जातो. ‘द पब्लिक एनिमी’च्या शेवटीं नायकाचें प्रेत त्याच्या घराच्या दारांत येऊन पडतें, तेव्हां वर आई त्याच्यासाठीं बिछाना घालीत असते. घर तेथें अखेरच्या क्षणीं कथेंत येतें. प्रस्तुत बोलपटांत तें आरंभापासूनच आहे. किंबहुना घर व हत्या यांच्यामध्यें जी एक बंद खोली असते तिचें दार उघडणें हाच येथें विषय आहे.

आतां रूपांतराकडे वळूं. चित्रकादंबरीचा नायक हा ‘मृत्युदूत’ म्हणून गाजलेला, एकट्यानें अनेकांस लोळविणारा असा अद्भुत योद्धा आहे. कागदावर तें शोभतें. कारण कागदावरील बंदुकीला आवाज नसतो, आणि एका चौकटींतून दुसऱ्या चौकटींत जातांना वाचक आपल्या कल्पनेच्या गतीनें चालतो. डेव्हिड सेल्फ यांनीं पटकथा लिहितांना व सॅम मेंडिस यांनीं दिग्दर्शन करितांना हें सारें बरेंच छाटून टाकलें. मारामाऱ्या कमी केल्या, संभाषणें कमी केलीं, आणि प्रौढ झालेल्या मुलाचें निवेदन आरंभीं व शेवटीं तेवढें ठेविलें. पुस्तकाचें सामर्थ्य गतींत होतें. बोलपटाचें सामर्थ्य विरामांत आहे. मुळाशीं इमान राखणें म्हणजे त्यांतील प्रत्येक प्रसंग पडद्यावर उतरविणें नव्हे, हें या रूपांतरकारांस पक्कें उमगलेलें आहे.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे पावसांतील तो प्रसंग. रात्रीची वेळ, रूनी आपल्या माणसांसह मोटारीपाशीं येतो, तों सारथी आधींच मेलेला आढळतो. अंधारांतून बंदुकीच्या ज्वाळा दिसतात, माणसें एकामागून एक कोसळतात, आणि हें सर्व होत असतांना बंदुकीचा आवाज नाहीं, किंकाळी नाहीं. टॉमस न्यूमन यांचें मंद संगीत तेवढें चालूं आहे. म्हातारा पाठमोरा उभा. आपण कोणाच्या हातून मरणार हें त्याला न पाहतां कळलेलें आहे. तो वळतो, आणि मारणारा तूंच आहेस याचें मला समाधान आहे, अशा अर्थाचें एक वाक्य बोलतो. त्यानंतरच्या गोळ्यांचा आवाज मात्र आपणांस ऐकूं येतो. रौद्र रसाची सारी सामग्री जमवून तिच्यांतून निखळ करुण रस काढावा, असें हें कौशल्य आहे. मानलेला मुलगा बापाला मारतो, आणि दोघांपैकीं कोणाच्याहि मनांत द्वेष नसतो.

छायालेखक कॉनरॅड हॉल यांचें हें अखेरचें काम. जानेवारी २००३ मध्यें त्यांचें निधन झालें, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनीं त्यांस या कामगिरीबद्दल ऑस्कर पारितोषिक जाहीर झालें. तें त्यांच्या वतीनें त्यांच्या मुलानें स्वीकारलें. त्यांच्या छायालेखनांत पाणी व मृत्यु यांची जोडी सतत आढळते. आरंभीच्या प्रेतयात्रेच्या घरीं शव बर्फावर ठेविलेलें आहे, आणि बर्फ थेंबथेंब वितळत आहे. आई व धाकट्या मुलाची हत्या स्नानगृहांत होते. रूनी पावसांत मरतो. कॉनर स्नानाच्या टांकींत. आणि शेवटचा मृत्यु सरोवराच्या कांठीं. हें सूत्र कोणी बोलून दाखवीत नाहीं, आणि प्रथम पाहणाराच्या लक्षांतहि तें येणार नाहीं. पण मनावर त्याचा ओलावा राहतो.

नटांत अग्रमान पॉल न्यूमन यांचा. (संगीतकार न्यूमन यांच्याशीं त्यांचें साम्य नांवापुरतेंच.) सत्तरी उलटलेल्या या नटानें रूनीचें जें चित्र उभें केलें आहे, त्याला जोड शोधावयाची तर ती महाभारतांतच शोधावी लागेल. आपला पुत्र नीच आहे हें धृतराष्ट्राला ठाऊक होतें. कोणता पक्ष न्यायाचा हेंहि ठाऊक होतें. तरी प्रत्येक वेळीं त्याचा हात दुर्योधनाकडेच वळला. सलिव्हनच्या घरची हत्या कळल्यावर रूनी कॉनरला बडवतो, त्याच्या जन्माच्या दिवसाला शिव्या देतो, आणि दुसऱ्याच क्षणीं त्याला हृदयाशीं घट्ट धरतो. त्या एका मिठींत त्याचा सर्वनाश आहे. पुढें देवळाच्या तळघरांत तो सलिव्हनला सांगतो कीं, या खोलींत खुनीच खुनी जमले आहेत, आणि आपणांपैकीं कोणालाहि स्वर्ग दिसणार नाहीं. ‘माझ्या मुलाला दिसूं शकेल,’ या आशयाचें सलिव्हनचें उत्तर म्हणजे कथेचा कणा होय.

टॉम हँक्स हे सज्जनांच्या भूमिकांसाठीं प्रसिद्ध असलेले नट. त्यांना मारेकरी करण्यांत दिग्दर्शकानें धाडस केलें खरें. पण त्यांच्या मुद्रेवरील सज्जनपणा मिटतां मिटत नाहीं. त्यांचा संयम वाखाणण्याजोगा आहे. शेतावरील त्या रात्रीं मुलगा विचारतो, धाकटा तुम्हांला माझ्यापेक्षां अधिक आवडत होता काय? बाप उत्तरतो, तूं माझ्यासारखा होतास, आणि तसा तूं व्हावास हें मला नको होतें. एवढें बोलतांना या नटाचा चेहरा हालत नाहीं, आणि म्हणूनच प्रेक्षकाचें मन हालतें. तथापि हे हात खरोखर किती माणसांच्या रक्तानें माखले असतील, याचा विचार हा चेहरा आपणांस करूं देत नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

चित्रकादंबरींत नसलेलें एक पात्र बोलपटानें नव्यानें निर्मिलें आहे. हार्लन मॅग्वायर हा प्रेतांचीं छायाचित्रें काढून विकणारा, आणि प्रसंगीं प्रेतें निर्माण करण्याचेंहि कंत्राट घेणारा इसम. ज्यूड लॉ यांनीं तो अंगावर शहारे आणील असा वठविला आहे. दिग्दर्शकाच्या मनांत काय होतें तें असो. आम्हांस हें पात्र म्हणजे प्रेक्षकापुढें धरलेला आरसा वाटतो. दुसऱ्याच्या मरणाकडे सुंदर प्रकाशांत, नीट चौकट धरून पाहण्याची हौस त्याला आहे. आणि तिकिट काढून आंत बसलेल्या आम्हां सर्वांसहि तीच आहे.

येथपर्यंत गुणांचा विचार झाला. आतां मुख्य आक्षेप सांगणें प्राप्त आहे, आणि तो पुन्हां त्या वांट्याशींच जाऊन भिडतो. बाप व लेक गांवोगांवच्या पेढ्यांतून कपोनचा चोरपैसा लुटीत चालले आहेत. बाप आंत जातो, मुलगा मोटार हांकतो. एके ठिकाणीं खाणावळींत बसले असतां मुलगा विचारतो, या पैशांतला माझा वांटा केव्हां मिळणार? किती हवा, म्हणून बाप विचारतो. मुलगा दोनशें डॉलर मागतो. बाप तत्काळ कबूल होतो. मग पोराला शंका येते कीं, आणखी मागितले असते तर मिळाले असते काय. आणि तें तुला आतां कधींच कळणार नाहीं, असें बाप हंसून सांगतो. प्रसंग गोड आहे. बापलेकांच्या मधली भिंत येथें प्रथमच पडते, आणि प्रेक्षक मनापासून हंसतो.

पण हंसून झाल्यावर थोडें थांबावें. वाल्याच्या मुलांनीं वांटा नाकारला, आणि त्या नकारानें बापाचा उद्धार झाला. येथें मुलगा आपण होऊन वांटा मागतो, आणि बाप तो देतो. ज्या मुलाला या वाटेपासून दूर ठेवणें हेंच सलिव्हनचें एकमेव पुण्यकार्य, त्याच मुलाच्या हातीं तो मोटारीचें चाक देतो व लुटीचा भाग देतो. कथेंतील सर्वांत भयंकर क्षण हाच असावयास पाहिजे होता. आणि बोलपटानें तो सर्वांत खेळकर करून टाकला. लुटलेला पैसा गुंडांचाच होता, हें समर्थन पुरेसें नाहीं. मुलाला पैशाचा इतिहास शिकविला जात नाहीं, पैशाची चव शिकविली जाते.

दुसरा आक्षेप असा कीं, सलिव्हननें यापूर्वीं ज्यांस मारलें त्यांच्या घरांकडे कॅमेरा एकदांहि वळत नाहीं. सलिव्हनची बायको मेली याचें आम्हांस दुःख होतें. कारण तिच्या स्वयंपाकघरांत आम्ही बसलेलों असतों. इतरांच्या स्वयंपाकघरांचे दरवाजे बंदच राहिले. पापाचा हिशेब मांडावयास बसलेल्या कलाकृतीनें जमेची बाजू इतकी ठसठशीत लिहावी, आणि नांवें पडलेल्या रकमांवर बर्फाची सुंदर चादर पसरावी, हें न्यायाचें नव्हे.

शेवटीं सरोवराकांठच्या घरांत मॅग्वायर सलिव्हनला पाठीमागून गोळी घालतो. मुलगा त्याच्यावर पिस्तुल रोखतो, पण चाप ओढूं शकत नाहीं; आणि मरतां मरतां बापच मॅग्वायरला ठार करून मुलाचे हात स्वच्छ राखतो. रचनेच्या दृष्टीनें हा शेवट बिनचूक आहे. भावनेच्या दृष्टीनें तो उत्कट आहे. मात्र एक प्रश्न उरतोच. बापाला शक्ति उरली नसती तर? मुलगा निष्पाप राहिला तो दुसऱ्यानें पाप केलें म्हणून. त्याच्या निष्पापपणाची किंमतहि पुन्हां बंदुकीनेंच चुकती झाली. चित्रकादंबरींतील मुलगा पुढें धर्मोपदेशक होतो. म्हणजे आपल्या बापाचें ओझें तो आयुष्यभर देवापुढें वाहत राहतो. बोलपटांतील मुलगा शेतावर वाढतो, आणि बंदूक पुन्हां हातीं धरली नाहीं एवढें सांगतो. पहिल्या शेवटांत प्रायश्चित्त आहे, दुसऱ्यांत सुटका आहे. आमचा कौल पहिल्याच्या बाजूनें पडतो. बोलपटानें मूळ कृतीहून जें सरस केलें त्याची यादी मोठी आहे, पण येथें पुस्तक त्याच्या पुढें आहे.

असें असूनहि बोलपटाचें अखेरचें वाक्य आम्ही विसरूं शकत नाहीं. सलिव्हन चांगला होता कीं अगदीं वाईट होता, असें लोक विचारतात, तेव्हां तो माझा बाप होता एवढेंच मी सांगतों, असा त्याचा मथितार्थ आहे. न्यायाधीशानें असें उत्तर दिलें तर तो कर्तव्यास चुकला असें म्हणावें लागेल. टीकाकारानें दिलें तर तो पळवाट शोधतो आहे असें म्हणावें लागेल. परंतु मुलाला याहून दुसरें उत्तर नाहीं. बापाच्या कृत्यांचा निवाडा करण्यास त्याच्या अन्नावर वाढलेलें मूल सर्वांत अपात्र असतें, आणि त्या कृत्यांचा भार मात्र सर्वांत अधिक त्याच्यावरच पडतो. हें सत्य या बोलपटानें डोळ्यांत पाणी आणून दाखविलें. तें मुलाचें उत्तर आहे, जगाचें नव्हे, एवढा भेद मात्र त्यानें प्रेक्षकाच्या विवेकावर सोडला.

तो विवेक जागा ठेवून हा बोलपट अवश्य पाहावा. लहान मुलांसाठीं तो नाहीं. पण घरांत जाणत्या वयाचीं मुलें असतील, तर आईबापांनीं तीं शेजारीं बसवून पाहावा असें आम्ही सुचवूं. पाहून झाल्यावर मुलांनीं कांहीं प्रश्न विचारले, तर त्यांस गप्प करूं नये. बंदूक प्रत्येक घरांत नसते, हें खरें. परंतु ताटांत पडणारें अन्न कोणत्या वाटेनें आलें, हें न विचारण्याचा अलिखित कायदा पुष्कळ प्रतिष्ठित घरांतूनहि पाळला जातो. आणि तो मोडण्याचें धैर्य बहुधा घरांतील सर्वांत लहान माणसालाच होत असतें.